तुरीचा वांझ रोग, जनुकांचे नियमन आणि विद्यापीठाचे संशोधन केंद्र

खरीप हंगामापूर्वी गावोगाव ज्या शेतकरी सभा होतात, त्यांतून एक प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो. प्रश्न विचारणारा बहुधा मागच्या रांगेत बसलेला असतो व त्याच्या बोलण्यात थोडी थट्टा आणि बरीचशी तक्रार असते. "साहेब, विद्यापीठात जनुकांवर संशोधन करायचं म्हणून इमारती बांधतात, यंत्रं आणतात. आमच्या तुरीला त्याचा काय उपेग?" या प्रश्नास सभेत दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. जनुक, त्याचे नियमन आणि रोग या तिहींचा परस्परसंबंध समजून घ्यावयाचा तर धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यास तुरीइतके दुसरे सोयीचे उदाहरण नाही, आणि तुरीच्या रोगांपैकी वांझ रोगाइतका बोधप्रद इतिहास दुसऱ्या कोणत्याही रोगाचा माझ्या वाचनात नाही.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. पदवी घेऊन या जिल्ह्यात रुजू झालो त्या पहिल्याच वर्षी, दिवाळीनंतर, लोहारा तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या बांधावरून जात असता तुरीचा एक पट्टा मला डोळ्यांत भरण्यासारखा हिरवा दिसला. शेजारची तूर फुलावर येऊन पाने गाळू लागली होती. ही मात्र झुडपासारखी डेरेदार, बारीक पानांची व टवटवीत होती. मी त्या गृहस्थांना तात्या म्हणत असे. मी म्हणालो, "तात्या, यंदा तुमची तूर गावात एक नंबर." ते बिचारे हरखून गेले. पुढे वेळा अमावस्या आली. आपल्याकडे येळवशीला शेतात जेवण होते आणि भज्जीला ओल्या शेंगा लागतात, हे वाचकांस सांगावयास नकोच. आदल्या दिवशी शेंगा तोडावयास गेलेल्या त्यांच्या घरधनिणीस त्या साऱ्या पट्ट्यात ओंजळभरही शेंगा मिळाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आंबिलीचे मडके पुढे करीत तात्यांनी मला एवढेच विचारले, "साहेब, तूर हिरवीगार हाय, पर शेंग कुठं हाय?"

ती तूर वांझ झाली होती. पाने लहान व फिकट होणे, त्यांवर पिवळसर-हिरव्या छटांची नक्षी उमटणे, फांद्यांची गर्दी होऊन झाडाचा झुडपासारखा घेर होणे आणि फूल न येणे ही या रोगाची लक्षणे मी महाविद्यालयात पाठ केलेली होती. परंतु शेतात उभे राहून ती मला ओळखता आली नाहीत. झाड मरत नाही, उलट अधिक काळ हिरवे राहते, म्हणूनच या रोगास जाणकार 'हिरवा प्लेग' असे म्हणतात. पेरणीपासून ४५ दिवसांच्या आत लागण झाली तर त्या झाडाचे जवळजवळ सारे उत्पन्न बुडते. उशिरा लागण झाल्यास काही फांद्या फुलतात, काही फुलत नाहीत. तात्यांनी पुढे आणखी एक गोष्ट केली व त्या वेळी मला तीही वावगी वाटली नाही. पीक तर गेलेच, निदान शेळ्यांस पाला होईल, म्हणून ती हिरवी झाडे त्यांनी उन्हाळाभर राखली. आपल्या उस्मानाबादी शेळ्या त्यावर पोसल्या हे खरे. पण पुढल्या खरिपात शेजारच्या दोन शेतांत वांझ रोग दिसू लागला, तो कोठून आला हे मला फार उशिरा उमगले.

या रोगाची शास्त्रीय नोंद १९३१ साली बिहारमधील पुसा येथून झाली. त्याआधी, १९०६ च्या सुमारास, एडविन बटलर या शास्त्रज्ञाने तुरीच्या मर रोगाचे वर्णन केले होते व मर रोगाची बुरशी लवकरच ओळखलीही गेली. वांझ रोगाचे तसे झाले नाही. हा रोग तुरीवर राहणारा एक अतिसूक्ष्म कोळी पसरवितो, एवढे पुढे कळले. हा कोळी मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढा असतो, नुसत्या डोळ्यांस दिसत नाही, त्यास पंख नाहीत, तो वाऱ्याबरोबर जातो. परंतु कोळी हा केवळ वाहक. तो जे वाहून नेतो ते काय, हे मात्र कळेना. रोगी पानाचा रस निरोगी पानावर चोळून रोग सहजी लागत नसे, बियातून तो जात नसे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू म्हणून बोट ठेवावे असे काही सापडत नसे. अखेर २००० च्या सुमारास हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या व स्कॉटलंडमधील संशोधकांनी तो विषाणू वेगळा काढला. तो अत्यंत बारीक तंतूसारखा असून त्याचा अनुवंशिक मजकूर एका सलग धाग्यात नसून अनेक तुकड्यांत असतो. पुढे या रोगात विषाणूच्या दोन जाती आढळल्या. रोगाच्या पहिल्या नोंदीपासून कारण सापडेपर्यंत जवळजवळ ७० वर्षे गेली.

या ७० वर्षांत पीकपैदासकार स्वस्थ बसले नव्हते, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. मराठवाड्यातील वाचकांस बीएसएमआर ७३६ व बीएसएमआर ८५३ ही वाणांची नावे परिचित आहेत. पहिला लाल दाण्याचा, दुसरा पांढऱ्या दाण्याचा. 'बीएस' या आद्याक्षरांत बदनापूर व वांझ रोग हे दोन्ही शब्द दडलेले आहेत आणि 'आर' म्हणजे प्रतिकारक. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र १९७२ साली परभणीस स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाचे होय. बीएसएमआर ७३६ गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, म्हणजे विषाणू सापडण्याच्या आधीच, शेतकऱ्यांच्या हाती आला होता! शत्रूचे तोंड न पाहता त्याच्याशी लढणारे वाण निर्माण झाले. हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे; कारण संशोधन केंद्र म्हणजे काय, याचे उत्तर त्यातच आहे.

पैदासकारास सर्वप्रथम हवा असतो तो खात्रीचा रोग. आपल्या शेतात रोग येऊ नये म्हणून आपण धडपडतो. संशोधकाच्या शेतात तो दरवर्षी, प्रत्येक झाडावर, न चुकता आला पाहिजे. न आला तर अमुक झाड प्रतिकारक म्हणून वाचले की केवळ नशिबाने वाचले, हे ठरविता येत नाही. मर रोगासाठी एक जमीन राखून ठेवतात, तीत मर लागणारा वाण पुनःपुन्हा पेरतात, मेलेल्या झाडांचे तुकडे करून त्याच मातीत मिसळतात व दोन-तीन हंगामांत ती जमीन रोगाने पुरती भारून टाकतात. यास रोगवाफा म्हणावे. या वाफ्यात चाचणीच्या ओळींमध्ये ठराविक अंतरावर मर लागणाऱ्या वाणाची ओळ पेरलेली असते. ती ओळ मेली नाही तर त्या वर्षीची सारी चाचणी बाद.

वांझ रोगासाठी १९७०नंतरच्या दशकात इक्रिसॅटमधील डॉ. य. ल. नेने व त्यांचे सहकारी यांनी जी युक्ती काढली तिचे मला विशेष कौतुक वाटते. तुरीच्या कोवळ्या रोपास पहिली दोन साधी पाने फुटली की रोगी झाडाचे कोळ्यांनी भरलेले पान त्यावर दुमडून ठेवावयाचे आणि कचेरीत कागद टाचण्यासाठी वापरतात त्या स्टेपलरने ते टाचून टाकावयाचे. रोगी पान वाळू लागले की त्यातील कोळी आपसूक हिरव्या पानावर उतरतात. यास लक्षावधी रुपयांचे यंत्र लागत नाही. दुसरी रीत म्हणजे वारा येतो त्या बाजूस रोगट तुरीच्या ओळी काही महिने आधीच उभ्या करून ठेवणे. अशा कसोट्यांतून हजारो ओळी गाळून जे थोडे उरले, त्यातून प्रतिकारक वाण निघाले.

एका रोगाचा प्रतिकार म्हणजे सर्व रोगांचा प्रतिकार नव्हे, याचीही साक्ष आपल्या शेजारीच आहे. उमरग्याच्या सीमेपलीकडे आळंद आणि कलबुर्गीचा तुरीचा मुलूख लागतो. तेथे मारुती नावाचा वाण मर रोगास उत्तम टिकला व म्हणून झपाट्याने पसरला; परंतु वांझ रोगापुढे तो अगदी दुबळा, इतका की वांझ रोगाच्या चाचणीत रोग लागणारी ओळ म्हणून त्याचाच उपयोग करतात.

आता कोणी म्हणेल की, विषाणू न पाहता जर वाण निघाला, तर मग जनुकांच्या प्रयोगशाळेचे प्रयोजन ते काय? प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी जनुक म्हणजे काय व त्याचे नियमन म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागेल.

तलाठ्याच्या दप्तरात साऱ्या गावाच्या जमिनीची नोंद असते, परंतु तात्यांचा फेरफार करावयाचा असता तलाठी तात्यांचेच पान उघडतो. सजीवाच्या प्रत्येक पेशीत असेच एक दप्तर असते. तुरीच्या मुळातील पेशीत आणि पानातील पेशीत दप्तर एकच, अक्षर न् अक्षर तेच. पण मुळात काही पाने उघडी असतात, पानात दुसरीच. या दप्तरातील एकेक नोंद म्हणजे जनुक, आणि कोणती नोंद कधी, कोठे व किती वेळ वाचावयाची हे ठरविणारी व्यवस्था म्हणजे जनुकांचे नियमन. तुरीचे हे दप्तर ११ गुणसूत्रांच्या जोड्यांत बांधलेले असून ते वाचून काढल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात इक्रिसॅटच्या नेतृत्वाखालील एक चमू व भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांचा दुसरा चमू, अशा दोघांनी काम केले. दोघांनीही 'आशा' हा मर व वांझ या दोन्ही रोगांस प्रतिकारक असलेला वाणच निवडला होता. तुरीत सुमारे ४८ हजार जनुके असावीत असा इक्रिसॅटच्या चमूचा अंदाज निघाला.

नियमन ही कल्पना प्रथम स्पष्ट झाली ती पॅरिस येथील पाश्चर संस्थेत. झाकोब व मोनो या दोघा शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखवून दिले की, आतड्यातील एक साधा जिवाणू दुधातील साखर पचविणारा पदार्थ नेहमी तयार करीत बसत नाही. साखर नसते तेव्हा त्या जनुकावर एक कुलूप असते. साखर आली की कुलूप निघते. या कामाबद्दल त्यांना ल्वॉफ यांच्यासह १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूसारखा क्षुद्र जीवही घरात पाहुणा आल्यावाचून चूल पेटवीत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

तुरीच्या शेतात नियमन पाहावयाचे तर फुलोऱ्याकडे पाहावे. जूनमध्ये पेरा की जुलैच्या मध्यावर पेरा, उशिरा पक्व होणारी जुनी तूर दिवस लहान होऊन रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय फुलत नाही. फुलोऱ्याची जनुके झाडात पहिल्या दिवसापासून असतात. रात्रीची लांबी मोजणारी यंत्रणा त्यांना परवानगी देते तेव्हाच ती कामास लागतात. म्हणूनच पैदासकारास तुरीची वर्षातून एकच पिढी मिळे. प्रकाशाचे तास नियंत्रित करून बंद गृहात वर्षाकाठी एकाऐवजी अनेक पिढ्या घेण्याची पद्धत आता पाटणचेरू येथे विकसित झाली आहे. एक वाण घडविण्यास लागणारी बारा-तेरा वर्षे त्यामुळे निम्म्याहून कमी होतील, अशी अपेक्षा आहे.

रोगाच्या बाबतीत नियमनाचे महत्त्व याहूनही अधिक आहे. मर रोगाची बुरशी मुळातून शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. तिच्याशी झगडण्याची साधने दुबळ्या झाडातही पुष्कळदा असतात. फरक पडतो तो वेळेचा. प्रतिकारक झाड बुरशी शिरताच संरक्षणाची जनुके उघडते व तिची वाट रोखते. दुबळे झाड तेच करते, पण गाव लुटून गेल्यावर पोलीस यावेत तसे. तेव्हा नुसते अमुक जनुक आहे की नाही, हे पाहून भागत नाही. ते केव्हा जागे होते, हेही पाहावे लागते आणि ते शेतात उभे राहून दिसत नाही. त्यासाठी लागण झाल्यापासून ठराविक तासांनी मुळांचे नमुने घ्यावे लागतात, ते तत्क्षणी गोठवावे लागतात आणि त्यात कोणत्या जनुकाचा निरोप किती प्रमाणात आहे, हे मोजावे लागते.

विषाणूविरुद्ध वनस्पतींपाशी आणखी एक नामी शस्त्र आहे. विषाणूच्या निरोपाचा धागा ओळखून झाड त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या आधारे तसेच दुसरे धागे शोधून तेही कापते. जनुकाचा निरोप असा गप्प करता येतो, हे प्राण्यांत फायर व मेलो यांनी १९९८ साली दाखविले व २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हवाई बेटांवर पपईचे मळे वलयांकित ठिपक्यांच्या विषाणूने उद्ध्वस्त झाले होते. तेथे विषाणूच्याच आवरणाचे जनुक पपईत घातले व झाडास त्या विषाणूची आगाऊ ओळख करून दिली. ते बियाणे १९९८ साली शेतकऱ्यांस मिळाले आणि मळे पुन्हा उभे राहिले. विषाणूही अर्थात कच्च्या गुरूचे चेले नसतात. झाडाची ही कात्री बोथट करणारे पदार्थ अनेक विषाणूंपाशी असतात. हा सारा डाव-प्रतिडाव म्हणजेच जनुकांच्या नियमनाचा अभ्यास होय. माणसांतही जी जनुके गप्प असावयास हवीत ती बोलू लागली की कर्करोगासारखे विकार होतात. त्यामुळे अशा केंद्रात वनस्पतींचे व मानवी रोगांचे अभ्यासक एकाच तऱ्हेची यंत्रे वापरतात, ही एक सोयीची गोष्ट आहे.

हे वाचून 'म्हणजे हे जनुकीय बियाणेच का?' असे विचारण्यात येईल, म्हणून एक खुलासा. जनुकावरील खूण पाहून रोपे निवडणे वेगळे आणि बाहेरचे जनुक झाडात घालणे वेगळे. पहिल्या रीतीत संकर नेहमीसारखाच होतो. फक्त हजार रोपांतून कोणत्या रोपात प्रतिकाराचे जनुक उतरले आहे, हे रोग लागण्याची वाट न पाहता पानाच्या तुकड्यावरून कळते. रायचूरच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साह्याने 'सुपर अन्निगेरी १' हा हरभऱ्याचा वाण याच रीतीने काढला. जुना अन्निगेरी वाण चांगला, पण मर लागणारा. त्यात डब्ल्यूआर ३१५ या वाणातील मर-प्रतिकार खुणेच्या साह्याने आणण्यात आला. दुसऱ्या रीतीचे, म्हणजे बाहेरचे जनुक घातलेले व व्यापारी लागवडीत असलेले पीक आपल्या देशात आजमितीस बीटी कापूस हेच एक होय, व ते २००२ पासून आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. धाराशिव शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे व तेथे जैवतंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. लातुरास कृषी विद्यापीठाचे जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तुळजापुरास कृषी विज्ञान केंद्र आहे. १९८२ पर्यंत लातूर व धाराशिव हा एकच जिल्हा होता, हे लक्षात घेता ही तिन्ही स्थाने एकमेकांच्या अंगणातच आहेत. रोग आणि जनुकांचे नियमन यांचे एखादे संशोधन केंद्र या भागात उभारावयाचे झाल्यास ते कसे असावे, याविषयी शेतात काम करणाऱ्या माणसाचे मत मी येथे मांडतो. ते वरिष्ठांस पटेलच असे नाही.

इमारतीचा पाया खणण्यापूर्वी रोगवाफ्याची जमीन राखून ठेवावी. इमारत एका वर्षात उभी राहते. रोगवाफा दोन-तीन हंगामांशिवाय पिकत नाही, आणि एकदा बिघडला की पुन्हा तितकीच वर्षे जातात. ज्या केंद्रात यंत्रे प्रथम आली आणि रोगी झाडे मागाहून शोधावी लागली, त्या केंद्रात पुस्तकांतून मागविलेल्या वनस्पतींवर काम होते. आपल्या बांधावरचा विषाणू तेथे पोहोचतच नाही. वांझ रोगाच्या बाबतीत हे विशेष खरे. बंगळूरकडील विषाणू पाटणचेरूकडील विषाणूहून अधिक उग्र असल्याचे आढळले आहे. एका ठिकाणी टिकलेला वाण दुसऱ्या ठिकाणी टिकेलच असे नाही. मग कळंब, उमरगा व परंडा या तिन्ही ठिकाणी एकच जात आहे काय? याचे उत्तर येथील झाडे तपासूनच मिळेल.

दुसरी आवश्यकता वीज. निरोपाचे जे धागे मी वर सांगितले ते फार नाजूक असतात. नमुने उणे ८० अंशांवर ठेवावे लागतात. रात्री वीज गेली व जनित्र सुरू झाले नाही, तर एका हंगामाचे काम सकाळपर्यंत पाणी होते. जनित्र आणि ते चालविणारा जबाबदार माणूस या दोहोंची तरतूद महागड्या यंत्राच्या आधी व्हावी. तिसरी गोष्ट काचगृहाची. पांढऱ्या माशीसाठी वापरतात ती साधी जाळी या कोळ्यास अडवीत नाही, तो तीतून सहज जातो. तेव्हा रोगी व निरोगी झाडांची गृहे, ती सांभाळणारी माणसे व त्यांचे कपडेसुद्धा वेगळे असावयास हवेत.

माणसांविषयी मात्र मी थोडे आग्रहाने लिहीन. नियमनाचा अभ्यास करणारा संशोधक, पैदासकार आणि रोगशास्त्रज्ञ हे एका छताखाली नसले तरी चालेल. एका शेतात मात्र ते एकत्र यावयास हवेत. तात्यांच्या शेतात मी जी चूक केली, ती एखादा रोगशास्त्रज्ञ माझ्यासोबत बांधावर असता तर घडली नसती. आणखी एक. आपल्या गावांत अद्याप परसात, बांधावर जुन्या देशी तुरीची झाडे दिसतात. पाटणचेरूच्या बीजपेढीत तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने आहेत. तेही कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या ओटीतूनच गेलेले आहेत. एखाद्या म्हाताऱ्या आजीबाईच्या परसातली तूर आजूबाजूची सारी तूर वांझ झाली असता शेंगांनी लगडली असेल, तर ते झाड तोडू न देता त्याचे बी राखणे हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याचे काम आहे.

अशा केंद्राची वाट न पाहताही पुष्कळ करता येते. तुरीची कापणी झाल्यावर बुंध्यास फुटणारे धुमारे आणि बांधावर आपोआप उगवलेली तूर ही उन्हाळ्यात कोळ्यांची धर्मशाळा होय; ती मेअखेर उपटून टाकावी. वांझ झाड ओळखता आले की पहिल्या दीड महिन्यातच उपटावे, आणि उपटलेले झाड खांद्यावर टाकून चांगल्या तुरीतून नेऊ नये, कारण वाटेत कोळी गळत जातात. ते तेथेच पिशवीत बांधावे किंवा पुरावे. उथळ जमिनीत १७५ ते १८० दिवसांच्या बीएसएमआर ७३६ ला अखेरीस ओल पुरत नाही, अशी तक्रार खरी आहे. तेथे १५० ते १६० दिवसांत येणारा बीडीएन ७११ अधिक सोयीचा ठरतो. मर रोगाविषयी एवढेच सांगतो की, ज्वारीत तूर घेण्याची आपल्या आजोबांची पद्धत मर रोग कमी करते, असे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. सोयाबीनने खरीप ज्वारीस हाकलून लावले त्यात आपण काय गमावले, याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

तात्यांनी पुढल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून बीएसएमआर ७३६ पेरली. पट्टा चांगला आला, परंतु सप्टेंबरमध्ये त्यांनी मला बोलावून घेतले. साऱ्या शेतात अकरा झाडे वांझ निघाली होती व प्रत्येकास त्यांनी चिंधी बांधून ठेवली होती. "हे बियाणं मिसळीचं असंल का रोगच बदलला?" असे त्यांनी मला विचारले. बियाण्यात दुसरे बी मिसळले असेल तर उपाय बीजोत्पादकापाशी आहे. विषाणू बदलला असेल तर साऱ्या तालुक्याने सावध व्हावयास हवे. पानाकडे पाहून मला ते सांगता आले नाही, आणि ज्या कोणाला सांगता आले असते अशी प्रयोगशाळा आमच्या जवळपास नव्हती.

अशी झाडे आढळल्यास कार्यकर्त्यांनी नमुना येणेप्रमाणे घ्यावा. शेंड्याकडील लक्षणे स्पष्ट असलेली पाने सकाळच्या वेळी खुडावी, कोरड्या कागदात गुंडाळून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, उन्हात ठेवू नये व शक्य तो दुसऱ्या दिवसापर्यंत कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात पोहोचवावे. त्याच शेतातील निरोगी झाडाची पाने वेगळ्या पिशवीत द्यावी. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, वाण, बियाणे कोठून आणले, पेरणीची तारीख, लक्षण प्रथम दिसले तो दिवस, आणि किती झाडांपैकी किती झाडे रोगी, हे पेन्सिलीने लिहावे. शाई ओलाव्याने पसरते. चिंधी बांधलेल्या झाडांपैकी दोन-तीन झाडे विद्यापीठाचा माणूस येईपर्यंत वेगळी राखावयाची असल्यास त्यांभोवतीची तूर उपटून मोकळी जागा ठेवावी, आणि शेळ्यांस त्या बाजूस फिरकू देऊ नये.